बाहेरचं सॉफ्टवेअर बँकेच्या कोअरला जोडायचंय? सोलापूरच्या सहकारी बँकांच्या आयटीवाल्यांसाठी

बँकेला पिग्मीचं (रोजच्या छोट्या बचतीचं) ॲप हवं असतं, नाहीतर मार्केट यार्डातल्या मोठ्या आडत्याला स्वतःच्या सॉफ्टवेअरमधूनच शेतकऱ्यांच्या खात्यात कांद्याची पट्टी (विक्रीचे पैसे) टाकायची असते, किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला कामगारांचा पगार एका क्लिकवर पाठवायचा असतो. मग सॉफ्टवेअरवाला आयटी ऑफिसरला फोन करून म्हणतो, "साहेब, डीबीचा एक युजर पासवर्ड द्या अन एनीडेस्क चालू ठेवा, शनिवारपर्यंत जोडून देतो." डीबी म्हणजे डेटाबेस, एनीडेस्क म्हणजे लांबून आपलं मशीन चालवायचं सॉफ्टवेअर. हे देऊ नका. वरून जनरल मॅनेजर साहेबांचा कितीही दबाव आला तरी देऊ नका, कारण डीबीचा युजर एकदा बाहेर गेला की कोण आत आलं, काय बघितलं, काय बदललं हे नंतर सांगता येत नाही, आणि पैसे हजारो खातेदारांचे असतात.

हा लेख ज्यांची सीबीएस (कोअर बँकिंग सोल्युशन, म्हणजे खाती आणि हिशेब सांभाळणारं बँकेचं मुख्य सॉफ्टवेअर, तेच कोअर) स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये किंवा स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये आहे त्यांच्यासाठी आहे. सगळ्याचा पाया एकच आहे, बाहेरच्या सॉफ्टवेअरला कोअर दिसताच कामा नये. ग्राहक स्लिप भरून काउंटरवर देतो, तो स्वतः तिजोरीच्या खोलीत जाऊन नोटा मोजत नाही, तसंच हेही. त्यानं मागणी द्यायची, आपल्या माणसानं म्हणजे आपल्या मधल्या सॉफ्टवेअरनं ती तपासायची, आणि कोअरमध्ये काम आपल्याच नियमानं व्हायचं.

आधी कागदावर

कोडच्या आधी एक कागद करा. माहिती कुठून कुठं जाणार, नेमके कोणते रकाने जाणार, दिवसातून किती वेळा, आणि पैसे हलणार का फक्त माहिती वाचायचीय. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण वाचण्याचं कनेक्शन आणि पैसे हलवण्याचं कनेक्शन ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्हीला वेगळं सर्टिफिकेट (सॉफ्टवेअरचं डिजिटल ओळखपत्र), वेगळा युजर, वेगळी मंजुरी.

पिग्मीचं बघा. एजंटला सकाळी खात्यांची यादी लागते, खाते नंबर, नाव, मागची शिल्लक, बस. संध्याकाळी त्याच्याकडून पावत्या परत येतात. यात पॅन, आधार, पत्ता, नॉमिनी यांचं काहीच काम नाही, पण व्हेंडर "नंतर लागेल म्हणून" सगळं कस्टमर मास्टर मागतो. नंतर लागेल तेव्हा नंतर मागा म्हणून सांगायचं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदासुद्धा हेच सांगतो, ज्या कामासाठी घेतलं तेवढंच. (पिग्मी ही योजना सिंडिकेट बँकेनं १९२८ साली सुरू केली, त्या बँकेची सुरुवातच उडुपीकडच्या विणकरांना आधार द्यायला झाली होती. आपल्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरात अजून रोजचे पैसे घ्यायला एजंट जातो, त्यामुळे या डेटाची काळजी मला जरा जास्तच वाटते, ती माणसं पासवर्ड अन पोर्ट तपासायला येणार नाहीत, आपल्यावर विश्वास ठेवून पैसे देतात.)

आडत्याच्या पट्टीत डेबिट होणारं खातं एकच, त्या आडत्याचं. मग त्या सॉफ्टवेअरला बँकेतल्या दुसऱ्या कुठल्याही खात्यातून पैसे काढायची मागणी करताच येता कामा नये. हे कागदावर लिहा आणि पुढं मधल्या थरात तसंच बसवा, म्हणजे अमुक सर्टिफिकेट म्हणजे अमुकच डेबिट खातं.

नियमांचं पण याच टप्प्यावर बघून घ्या. रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१९ ला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार पातळ्यांची चौकट दिली. इंटरनेट बँकिंग किंवा मोबाईल ॲप चालू केलं की बँकेची पातळी वाढू शकते, आणि पातळी वाढली की करायच्या गोष्टी वाढतात, हे संचालक मंडळासमोर आधी मांडलेलं बरं. पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा हा ६ एप्रिल २०१८ चा आदेश आहे. व्हेंडर म्हणतो आमचा क्लाउड मुंबई रीजनमध्येच आहे, ठीकाय, पण त्याचे बॅकअप कुठं जातात आणि ॲप क्रॅश झाल्यावर एरर रिपोर्ट कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जातो तेही विचारा, खाते नंबर बऱ्याचदा तिथून गळतात.

आणि तुमची सीबीएस दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर पुढच्या पायऱ्या त्याच, फक्त त्यातलं कोण काय करणार हे लेखी घ्या. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा (खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा) हल्ला झाला तेव्हा एनपीसीआयनं (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेनं) तिला पेमेंट नेटवर्कपासून तात्पुरतं तोडलं आणि देशभरातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांचं यूपीआय, एटीएम अडकलं. त्यातल्या बहुतेक बँकांच्या स्वतःच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं.

नेटवर्क

तीन भाग पाडा. बाहेरचं जग, मधला डीएमझेड (बाहेर आणि आत यांच्यातला राखीव पट्टा), आणि आतला भाग जिथं सीबीएसचा ॲप सर्व्हर आणि डेटाबेस आहे. बाहेरून येणारा डीएमझेडपर्यंतच येणार, डीएमझेडमधला एकच सर्व्हर आतल्या एकाच सर्व्हरशी एकाच पोर्टवर (सर्व्हरच्या एकाच दारावर) बोलणार, बाकी सगळं बंद. ओरॅकलचा १५२१, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९, यातलं काहीही बाहेरून उघडं दिसत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ते बंद करून या.

समोरच्याशी जोडायला लीज्ड लाइन किंवा साइट-टू-साइट व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन ठिकाणांमधला झाकलेला बोगदा). व्हीपीएन करताना आयकेई (चाव्या ठरवायची पद्धत) व्हर्जन २, एईएस-२५६ (मजकूर लपवायची पद्धत), परफेक्ट फॉरवर्ड सिक्रसी (पुढं चावी फुटली तरी जुना मजकूर उघडत नाही ती सोय) चालू, आणि शक्यतो पासवर्डऐवजी सर्टिफिकेट. एक गैरसमज मात्र काढून टाका, व्हीपीएन आहे म्हणजे सुरक्षित आहे असं नसतं. व्हीपीएन रस्ता झाकतो, पलीकडचं मशीनच व्हायरसनं भरलेलं असेल तर तो व्हायरस त्याच झाकलेल्या रस्त्यानं आत येतो. त्यामुळे बोगद्याच्या तोंडाशी पण फायरवॉलचा नियम हवा, त्यांचा हा आयपी, आपला हा आयपी, ४४३ पोर्ट (सुरक्षित वेबचं), संपलं. "एनी टू एनी" तात्पुरतं म्हणून टाकलेलं वर्षानुवर्षं तसंच राहतं.

पिग्मीसारख्या कामाला मला दुसरी पद्धत जास्त आवडते. बाहेरून आत काही उघडायचंच नाही. डीएमझेडमध्ये आपला एक छोटा प्रोग्राम बसवायचा, तो दर काही सेकंदांनी स्वतः बाहेर ४४३ वर जाऊन व्हेंडरच्या रांगेत नवीन पावत्या आहेत का बघतो, असतील तर घेऊन येतो, उत्तर ठेवून येतो. फायरवॉलवर आत येणारं एकही पोर्ट उघडं लागत नाही. थोडा उशीर होतो, पण पिग्मीला सेकंदाची घाई कुणाला असते?

बाहेर जाणारी वाटही तितकीच बांधलेली हवी. डीएमझेडच्या सर्व्हरला सगळं इंटरनेट कशाला, ज्या दोन-चार पत्त्यांशी काम आहे तेवढेच उघडा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेची (जावा प्रोग्राममध्ये लॉग लिहिणाऱ्या कोडमधल्या भगदाडाची) भानगड झाली तेव्हा हल्ल्याचा नेहमीचा प्रकार असा होता की आपलाच सर्व्हर बाहेर जाऊन हल्लेखोराचा कोड ओढून आणायचा, ज्यांची बाहेरची वाट बंद होती त्यांच्याकडं तो प्रकार बराचसा तिथंच अडला.

आपल्याकडं रस्ते खोदताना फायबर तुटणं नवीन नाही, म्हणून दुसरी लाइन ठेवावीच लागते, दुसऱ्या कंपनीची आणि दुसऱ्या वाटेनं येणारी. पण ही बॅकअप लाइन घाईत थेट स्विचला लावलेली असते, फायरवॉल सोडून! मुख्य लाइनवर जे नियम तेच बॅकअपवर, आणि हे एकदा मुख्य लाइन मुद्दाम काढून तपासायचं.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर सर्व्हरवर नको. व्हेंडरला कधी आत यावंच लागलं तर वेळ ठरवून, एका मधल्या मशीनवरून, ओटीपीसकट, स्क्रीन रेकॉर्ड होत असताना, आणि काम झालं की युजर बंद.

मधला थर

हा खरा गाभा आहे. डीएमझेडमध्ये एपीआय (सॉफ्टवेअरनं सॉफ्टवेअरशी बोलायची ठरलेली पद्धत) गेटवे, त्याच्या आत मिडलवेअर, म्हणजे वर म्हटलेलं आपलं मधलं सॉफ्टवेअर. गेटवे ओळख तपासतो, एका मिनिटाला किती मागण्या घ्यायच्या ते ठरवतो, वेडीवाकडी मागणी दारातच परत पाठवतो. मिडलवेअर धंद्याचे नियम बघतो, मग सीबीएसशी बोलतो.

सीबीएसशी बोलायचं ते सीबीएस कंपनीनं दिलेल्या एपीआयनंच किंवा त्यांनी लेखी दिलेल्या प्रोसिजरनंच (डेटाबेसमध्ये आधीच लिहून ठेवलेल्या कामानं). टेबलात थेट इन्सर्ट कधीही नाही. कारण खात्यात १०० रुपये जमा होणं म्हणजे एका ओळीत आकडा बदलणं नव्हे, त्याच्या मागं व्हाउचर असतं, जनरल लेजरला समोरची नोंद असते, व्याजाचे प्रॉडक्ट (शिल्लक गुणिले दिवस) असतात, लिमिट, लिएन (रोखून ठेवलेली रक्कम), एसएमएस, ऑडिट ट्रेल असतं. कुणी बॅलन्सचं टेबल थेट अपडेट केलं तर ग्राहकाला पैसे दिसतात पण संध्याकाळी डे-एंडला (दिवसाचा हिशेब बंद करताना) लेजर जुळत नाही, आणि फरक कुठून आला हे शोधण्यात आख्खी रात्र जाते. एपीआयचं लायसन्स वेगळं पैसे मागतं हे खरंय, संचालक मंडळाला ते महाग वाटतं, पण ते घ्या.

फक्त वाचायचं असेल तर मूळ डेटाबेसवर जाऊच नका, रेप्लिका (फक्त वाचायची प्रत) करा आणि त्यावर फक्त गरजेच्या रकान्यांचे व्ह्यू द्या. दुपारी बारा वाजता बाहेरच्या कुणाच्या जड क्वेरीमुळं नवी पेठ शाखेचा काउंटर अडकला तर शिव्या टेलरला बसतात. मिडलवेअरचा डीबी युजर पण तोकडाच, ठरलेल्या प्रोसिजर चालवता येतील, बाकी काही दिसणार नाही. आणि क्वेरीत व्हॅल्यू जोडून स्ट्रिंग बनवायची सवय असलेला प्रोग्रामर असेल तर त्याला बाइंड पॅरामीटर (व्हॅल्यू क्वेरीपासून वेगळी देणं) वापरायला लावा, एसक्यूएल इंजेक्शन (व्हॅल्यूच्या जागी क्वेरी घुसवायचा हल्ला) जुनं झालं तरी मेलेलं नाही.

ओळख आणि चाव्या

टीएलएस (लाइनवरचा मजकूर लपवायची पद्धत) १.२ च्या खालचं काही चालू ठेवू नका, १.३ जमत असेल तर उत्तम. १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्येच अधिकृतपणे मोडीत काढलेत. दोन्ही बाजूंनी सर्टिफिकेट दाखवायचं, म्हणजे म्युच्युअल टीएलएस. इथं एक बारीक गोष्ट चुकते. गेटवेवर "अमुक सार्वजनिक कंपनीनं दिलेलं कुठलंही सर्टिफिकेट चालेल" असं सेट केलं तर जगातला कुणीही त्या कंपनीचं सर्टिफिकेट विकत घेऊन दारात उभा राहू शकतो. क्लायंटसाठी बँकेचा स्वतःचा छोटा सीए (सर्टिफिकेट देणारी व्यवस्था) ठेवा आणि कुठलं सर्टिफिकेट म्हणजे कुठला क्लायंट हे नावानिशी बांधा.

प्रायव्हेट की (गुप्त चावी) व्हेंडरनं त्याच्याच मशीनवर तयार करायची, आपल्याला फक्त सीएसआर (सर्टिफिकेटचा अर्ज) पाठवायचा, आपण सही करून सर्टिफिकेट परत द्यायचं. की आणि पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवलेले मी इतक्या ठिकाणी बघितलेत की हे पुन्हा सांगतो, प्रायव्हेट की कुठंच पाठवायची नसते, आपल्यालासुद्धा नाही. त्याच्या वर ओॲथचं टोकन (तात्पुरता पास), थोड्या मिनिटांचंच, आणि टोकनला ठरलेलीच कामं.

मुदतीचं कॅलेंडर ठेवा. सार्वजनिक सर्व्हर सर्टिफिकेटची मुदत आता उतरत चाललीय, १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ पासून १००, आणि २०२९ पासून ४७ दिवस. हातानं बदलत बसण्याचे दिवस संपले, रिन्यूअल आपोआप होईल असं बसवा, आणि व्हेंडरनं तुमचं एक विशिष्ट सर्व्हर सर्टिफिकेट कोडमध्ये ठोकून ठेवलंय का ते विचारा, नाहीतर रिन्यू झालेल्या दिवशी सकाळी सगळं बंद.

पैसे हलतात तिथं

समजा आडत्याच्या सॉफ्टवेअरनं ४८,००० रुपयांची पट्टी पाठवली. आपण पैसे पाठवले, पण उत्तर जाता जाता लाइन तुटली. सॉफ्टवेअरला वाटलं झालं नाही, त्यानं परत पाठवली. आता इंडी नाहीतर कलबुर्गीच्या शेतकऱ्याच्या खात्यात दुप्पट पैसे, आणि ते परत मागायचे म्हणजे त्याच्या हातापाया पडायचं. म्हणून टाइमआउट म्हणजे फेल नव्हे, हे दोन्हीकडच्या प्रोग्रामरच्या डोक्यात पक्कं बसवा.

करायचं असं. पहिल्यांदा पाठवायच्या आधीच पाठवणाऱ्यानं युनिक रेफरन्स नंबर तयार करून स्वतःकडं सेव्ह करायचा. पुन्हा प्रयत्न केला तरी तोच नंबर. आपल्या मिडलवेअरच्या टेबलात त्या नंबरवर युनिक कन्स्ट्रेंट (एकच नंबर दोनदा घेऊ न देणारा डेटाबेसचा नियम), फक्त कोडमध्ये चेक नको, कारण दोन मागण्या एकाच क्षणी आल्या तर कोडमधला चेक दोघींना सोडतो. तोच नंबर परत आला तर पैसे न हलवता जुनंच उत्तर द्यायचं. तोच नंबर पण रक्कम किंवा खातं वेगळं आलं तर नाकारायचं आणि माणसाला अलर्ट पाठवायचा. हा नंबर "त्या दिवसापुरता" युनिक ठेवू नका, रात्री बाराच्या अलीकडं पाठवलेली मागणी पलीकडं परत येते. आणि स्टेटस विचारायचा वेगळा एपीआय द्या, शंका आली की आधी स्टेटस, मगच पुन्हा पाठवणं.

प्रत्येक मागणीवर डिजिटल सही घ्या, त्यात मजकूर, वेळ आणि रेफरन्स नंबर तिन्ही आले पाहिजेत. सही तपासताना जसे बाइट आले तसेच तपासा, जेसन (मागणीचा मजकूर ज्या स्वरूपात येतो ते) उघडून परत जोडलं की स्पेस बदलतो आणि खरी सहीसुद्धा खोटी ठरते. पाच मिनिटांपेक्षा जुनी मागणी घेऊ नका.

"पाठवलं" आणि "पोचलं" यातला फरकही नीट दाखवा. आपल्यातल्या बऱ्याच बँका एनईएफटी मोठ्या स्पॉन्सर बँकेमार्फत करतात, त्यामुळे आपल्या खात्यातून डेबिट झालं, पुढं गेलं, यूटीआर (व्यवहाराचा नंबर) आला, तरी समोर जमा झालं असं नाही. लाभार्थी बँकेला जमा करता आलं नाही तर बॅच संपल्यापासून दोन तासांत परत करायचा नियम आहे, म्हणजे "यशस्वी" दाखवलेले पैसे नंतर परत येऊ शकतात. आडत्याच्या सॉफ्टवेअरला ही तिसरी अवस्था कळलीच पाहिजे, नाहीतर शेतकऱ्याला "पैसे टाकलेत" म्हणून सांगितलं जातं आणि तो बिचारा एटीएमच्या चकरा मारतो.

मर्यादा दोन ठिकाणी लावा, मिडलवेअरमध्ये आणि कोअरमध्येही. एका व्यवहाराची, दिवसाची, आणि नवीन लाभार्थ्यासाठी वेगळी. मोठ्या फाइलला मेकर-चेकर, बनवणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, दोघांचे मोबाईल वेगळे. कोअरमध्ये पण का, तर पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं ऑगस्ट २०१८ चं प्रकरण आठवा. सुमारे ९४ कोटी रुपये गेले, आणि एटीएमच्या बाजूला हल्लेखोरांनी खोटा स्विच उभा केला होता जो कोअरला न विचारताच "द्या पैसे" म्हणून होकार देत होता. मधला थर खोटं बोलू शकतो हे धरूनच चालायचं. म्हणून रोजचा ताळमेळ तिन्हीकडून वेगवेगळा काढा, व्हेंडरचा रिपोर्ट, मिडलवेअरचा लॉग, सीबीएसची जीएल (जनरल लेजर). मिडलवेअरनंच बनवलेला ताळमेळ मिडलवेअरची चोरी पकडत नाही. दिवसातून एकदा पुरत नाही, पैशाच्या कनेक्शनला तासा-तासाला चालवा, आकडा जुळला नाही तर एसएमएस.

तारखेचा घोळ

सीबीएसची तारीख आणि भिंतीवरची तारीख एक नसते. डे-एंड चालू असताना पोस्टिंग थांबतं, त्या वेळी आलेल्या मागण्या रांगेत ठेवायच्या का "नंतर या" म्हणायचं हे आधी ठरवा. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास आहे, म्हणजे रविवारी रात्रीही पैसे येतात. पिग्मी एजंट रविवारी वसूल करतो पण कोअरमध्ये सोमवार पडतो, तेव्हा दोन्ही तारखा जपा, पावतीची आणि पोस्टिंगची, नाहीतर ग्राहकाच्या हातातली पावती आणि पासबुक जुळत नाही.

लॉग आणि टेस्टिंग

सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानं लॉग १८० दिवस ठेवायचे, सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची, आणि सगळ्या मशीनची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची. रिझर्व्ह बँकेला कळवायचं ते वेगळं. घड्याळाची गोष्ट छोटी वाटते पण फायरवॉल आणि सीबीएसच्या वेळेत सात मिनिटांचा फरक असला की चौकशीत काहीच लागत नाही. लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा जिथं मिडलवेअरच्या ॲडमिनलाही खोडता येणार नाही. पूर्ण खाते नंबर, आधार, टोकन, ओटीपी लॉगमध्ये नको.

टेस्टिंग यूएटीवर (चाचणीच्या वेगळ्या सिस्टीमवर), बनावट डेटावर. खऱ्या डेटाबेसची कॉपी करून व्हेंडरला देणं म्हणजे चोरीच, फक्त आपल्या हातानं केलेली. टेस्टमध्ये चांगले व्यवहार कमी अन वाईट जास्त चालवा, लाइन मध्येच काढा, एकच मागणी एकाच वेळी दहादा मारा, जुनं सर्टिफिकेट लावा, दुसऱ्याचं खातं टाका, ऋण रक्कम टाका. मग सर्ट-इनच्या यादीतल्या ऑडिटरकडून तपासणी, आणि त्यानं काढलेल्या गंभीर त्रुटी मिटल्याशिवाय चालू करायचं नाही.

चालू करताना

एका शाखेपासून, जुळे सोलापूर म्हणा किंवा जी सोयीची असेल, आणि कमी लिमिटवर. जानेवारीत गड्डा यात्रेच्या आठवड्यात नको, कांद्याची आवक तेजीत असताना आडत्यांचं नको, आषाढीला पंढरपूर शाखेत नको, ३१ मार्चच्या आसपास तर अजिबात नको. एक बटण असं ठेवा की ज्यानं फक्त हे एक कनेक्शन बंद होईल, बाकी बँक चालू राहील, आणि रात्री दोन वाजता ते कोण दाबणार, चेअरमनना कोण कळवणार हे नावानं लिहून ठेवा. ते बटण चालू करायच्या आधी एकदा खरोखर दाबून बघा.

करारात ऑडिटचा हक्क, घटना झाली तर किती तासांत आपल्याला सांगणार, त्यांची माणसं बदलली की युजर बदलणार, पुढं दुसऱ्याला काम देणार असतील तर आधी विचारणार, आणि करार संपल्यावर डेटा पुसल्याचं लेखी, एवढं हवंच.

दर तीन महिन्यांनी युजर, फायरवॉलचे नियम, सर्टिफिकेट यांची यादी काढून प्रत्येकाचा मालक विचारा, मालक सापडला नाही तर ते बंद. आणि व्हेंडर गेला की त्याच दिवशी सर्टिफिकेट रद्द, टोकन रद्द, व्हीपीएनचा पीअर (त्याच्या बाजूची जोडणी) काढा, फायरवॉलचा नियम काढा, डीबी युजर लॉक. मग बाहेरून त्याचंच जुनं सर्टिफिकेट लावून एकदा प्रयत्न करा, नकार आला पाहिजे, आणि तो नकाराचा लॉग त्या व्हेंडरच्या फाइलला लावून ठेवा, पुढच्या ऑडिटला पुरावा म्हणून तोच लागतो.